लाल पाण्याचा कौल

"कौल आला! आईनं कुंकू सांडलं!"

एकच गलका झाला आणि कड्याच्या भेगेतून लाल पाण्याची धार सुटली. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी बाटल्या पुढे केल्या. नाशिकहून डोंगर चढायला आलेले आम्ही बघतच राहिलो.

सुरगाण्याच्या वाटेवरचा हा डोंगर काही वर्षांपूर्वी पावसात खचला. पायथ्याचा पाडा गाडला गेला. वाचलेली माणसं पलीकडच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहतात.

"आईचा राग गेला!" बारकू भगत घुमत होता. "जुन्या जागी बिनघोर घरं बांधा!" आई एवढी प्रसन्न झाली, तरी भेगेलगत बसलेला बारकू काही जागचा उठत नव्हता. मला तेच खटकलं.

"उद्याच घर उभं करते," पुतळाबाई म्हणाली. तिचा मुलगा त्या दरडीत गेला होता. "नातवाला घेऊन तिथंच ऱ्हाते."

आमच्यातल्या संध्याताई शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी दोन काळ्या खडकांमधल्या लाल थरातलं ढेकूळ काढलं, पाण्याच्या बाटलीत टाकून खळखळून हलवलं. "हे घ्या, माझंही कुंकू!"

पाणी तस्संच लाल. दोघंतिघं हसली.

"भगतदादा, जरा उठा बघू."

"आसन मोडलं तर आई कोपंल!"

"राग गेला म्हणालात ना आत्ताच?"

आता मात्र लोकांनीच त्याला दंडाला धरून उठवलं. खाली दोरी बांधलेला चिंध्यांचा बोळा निघाला. भेगेत बोळा कोंबायचा, आत पाणी साचू द्यायचं आणि कौल मागितला की दोरी ओढायची!

संध्याताई मात्र हसत नव्हत्या. "हा लाल थर भिजला की पाण्यात उतरतो आणि साबणासारखा निसरडा होतो. वरचा डोंगर त्यावरून घसरतो. आणि हा भगत बोळा कोंबून पाणी आतच मुरवतोय! मागे दरड आली, त्याआधी हा झरा असाच लाल झाला होता का?"

मग पुतळाबाईच म्हणाली, "झालता. पोरगा बोलला, आये, पानी लाल येतंय, इथून निघू. मी बोलले, आईचं कुंकू हाय, पाया पड."

काही जण तरीही बाटल्या भरतच होते. पुतळाबाई धारेसमोर जाऊन उभी राहिली.

"मी पाया पडत बसले न् पोरगा गेला," ती म्हणाली. "तुमी आपली पोरं घेऊन माळावर चला."