दोन नायकांचे हात

दत्ताराम खोलीत शिरला की पेट्रोल आणि खोबरेल तेल यांचा संमिश्र गंध त्याच्याआधी आत यायचा. आखातातल्या सलमाबादच्या गॅरेजातला हा मालवणकडचा मेकॅनिक आणि बँकेत नोकरी करणारा पुण्याचा मी, गुदैबियातल्या एका खोलीत आठ वर्षं राहिलो. तो मितभाषी होता, पण इंजिनाचा स्वर जरा बिघडला तरी घरातलं तान्हं रडल्यासारखा कासावीस व्हायचा.

ऐंशी सालाच्या सुमारास मोटारशर्यतीचा हिंदी चित्रपट काढायला मुंबईची मंडळी रिफापलीकडच्या वाळवंटात उतरली. नायक दोन, पडद्यावर प्रतिस्पर्धी आणि पडद्यामागे त्याहून हाडवैरी. एकाची गाडी सावलीत लावली की दुसऱ्याचं डोकं तापायचं. गाडी मी स्वतः चालवतो, तो मात्र दुसऱ्याला बसवतो, असं दोघेही वार्ताहरांना छातीठोकपणे सांगत. प्रत्यक्षात गियर बदलताना दोघांनाही घाम फुटे. म्हणून स्टिअरिंगवरचे हात जवळून टिपायचे असले की सकाळी लाल गाडीत आणि दुपारी निळ्या गाडीत दत्तारामच बसायचा, आणि 'त्याला कळता कामा नये' अशी तंबी दोघेही त्याला वेगवेगळं गाठून देत. ज्याच्या नावावर दत्तारामचा व्हिसा होता तो गॅरेजमालक या मंडळींचा स्नेही. बोभाटा झाला असता तर दत्तारामची नोकरी गेलीच असती.

त्या महिन्यात तो पार भांबावला. सकाळी ज्याला हरवायचं, दुपारी त्याच्याच बाजूने जीव तोडून गाडी हाणायची.

"मी नक्की कोणाचो, ताच माका कळना नाय," जेवताना एकदा तो म्हणाला आणि हसला, पण घास हातातच राहिला. बायकोलाही हे सांगायचं नाही, अशी रवळनाथाची शपथ त्याने मला घातली. तिच्या पोटात आनंद राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

चार वर्षांनी काविळीने तो तिथेच गेला. रजेवर आलो तेव्हा त्याची पेटी पोचवायला मी त्याच्या गावी गेलो. शेजारी व्हिडिओवर तोच चित्रपट लागला होता, आणि वहिनी मला आग्रहाने तिकडे घेऊन गेल्या.

शेवटच्या शर्यतीत पडद्यावर ते हात आले. वहिनींनी हळूच विचारलं, "भावजी, हे हात हेंचेच मां?"

मी गोंधळलो. गेलेल्या माणसाची नोकरी आता कोण घेणार? पण दिलेला शब्द माणसासोबत जळतो की मागे उरतो, हे विचारायचं तरी कुणाला?

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो, आणि माझीच मला लाज वाटली.

त्या रागावल्या नाहीत. "लाल गाडयेतले हेंचे, निळ्ये गाडयेतलेपण हेंचेच," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "माका कोणी सांगूक नको."

कोण जिंकलं ते मला आज आठवत नाही. गेलेला माणूस अजून थोडा वेळ दिसत राहावा, एवढंच वहिनींना हवं होतं. आणि शर्यत तर लवकर संपवण्यासाठीच असते.