नऊ नंबरचं समाधान

"इमारत हेसुद्धा एक औषध असतं," वास्तुशिल्पी म्हणाला, आणि वॉर्डच्या मुख्य सिस्टरांनी हातातलं झाकलेलं बेडपॅन त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टापासून जरा लांब धरलं.

हे वाक्य तो सकाळपासून घोकत होता. अर्ध्या तासात परीक्षक बाई येणार होत्या. उत्तम रुग्णालय-रचनेचं मानाचं पदक या इमारतीला द्यायचं की नाही, ते त्या ठरवणार होत्या, आणि अधीक्षकांनी त्यापायी आठवडाभर अख्खा मजला डोक्यावर घेतला होता. मावश्यांना नवेकोरे एप्रन मिळाले होते. कुंड्यांतल्या झाडांचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसून झालं होतं. रुग्णांची अंगं त्यानंतर पुसायची होती.

"सिस्टर, हे असं सगळ्यांदेखत न्यायलाच हवं का?"

"सर, धुवायची जागा तुम्हीच पार टोकाला दिलीय. नदीच्या उगमाशी."

नदी म्हणजे कॉरिडॉर. सरळ कॉरिडॉर माणसाला तुरुंगाची आठवण करून देतो, असं वास्तुशिल्प्याचं मत होतं, म्हणून त्याने तो वळणं देत देत नेला होता. जुन्या वॉर्डात सिस्टर टेबलापाशी बसल्या की वीसच्या वीस पलंग नजरेच्या टप्प्यात असत. कोण कण्हतंय, कोणाची सलाईन संपलीय, कोण गुपचूप पाय खाली सोडतंय, मान वर केली की कळायचं. नव्या टेबलावरून त्यांना तीन गोष्टी दिसत: लिफ्ट, सामानाची खोली आणि मौनकक्ष.

मौनकक्ष हा इमारतीचा आत्मा होता. काचेची खोली, पांढरे गोटे, कुंडीत एक वाळकी फांदी आणि बसायला दोन इतकी बुटकी आसनं, की मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेला माणूस त्यावर बसला तर पुन्हा शस्त्रक्रियेलाच उठला असता. सहा महिन्यांत मौनकक्षाचा उपयोग रुग्णांच्या नातेवाइकांनी केला होता. फोनला रेंज तिथेच मिळायची.

हे सगळं त्याने अभ्यासाअंती केलं होतं, असा त्याचा दावा होता. रुग्णाचा अनुभव घ्यायला तो म्हणे पूर्ण एक दिवस पलंगावर पडून राहिला होता. तो पलंग सिस्टरांनीच लावून दिला होता. त्या दिवसात तो चार वेळा उठून, स्वतःच्या पायांनी, शीळ घालत लघवीला जाऊन आला, हे त्याच्या अहवालात आलं नव्हतं.

बोलता बोलता त्याने मौनकक्षाकडे हात केला, आणि तो हात तसाच राहिला. आत गोट्यांच्या मधोमध एक पलंग होता. पलंगावर म्हातारा होता.

"हे काय आहे?"

"शिंपीकाका," सिस्टर म्हणाल्या.

शिंपीकाका नऊ नंबरचे. मांडीच्या हाडात सळई घातलेली. अकरा दिवसांत दोनदा पडले होते. नऊ नंबर म्हणजे दुसऱ्या वळणापलीकडची खोली, आणि काका बेल दाबत नसत. त्यांना बेल कळत नव्हती असं नाही. पन्नास वर्षं ते मशीनवर मान खाली घालून बसले, जे आलं ते गिऱ्हाईक स्वतःहून आलं. कोणाला हाक मारून बोलवायची त्यांना सवयच नव्हती. समोरून कोणी गेलं आणि विचारलं, तर सांगायचे. नाही तर आपले आपण उठायला बघायचे. तिसऱ्यांदा पडले तर ते हाड परत जुळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून त्यांना डोळ्यांसमोर हलवायची परवानगी मागणारे तीन अर्ज सिस्टरांनी दिले होते. तिन्हींना पोच मिळाली होती.

अधीक्षक धावतच आले. पलंग बघून त्यांचा चेहरा उतरला.

"सिस्टर, आज? आजच सुचलं तुम्हाला?"

"मला तीन आठवड्यांपासून सुचतंय सर. काका यायच्या आधी नऊमध्ये अशाच एक आजी होत्या."

"अहो, तो इमारतीचा आत्मा आहे," वास्तुशिल्पी दबक्या आवाजात म्हणाला.

"असेल. पण रिकामा पडलाय."

अधीक्षकांनी त्यांना बाजूला घेतलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि सिस्टरांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्या मऊ आवाजाचीच जास्त धास्ती होती.

"हे बघा, तासाभराचा प्रश्न आहे. त्यांना नऊमध्ये ठेवा. बाई गेल्या की मी स्वतः सही करतो. शब्द देतो."

"मग तासभर एक मावशी तिथे बसू द्या."

"मावश्या स्वागताच्या रांगेत हव्यात. एप्रन घालायला माणसं नकोत का?"

सिस्टरांनी पलंग ढकलत नऊमध्ये नेला. दोन वळणांवर चाकं अडली. काका सगळा रस्ता दोन्ही हात जोडून पडून होते, जणू फुकटात गाडीत बसवलं होतं त्यांना.

"काका, तासभर काढा. काही लागलं तर बेल दाबायची. उठायचं मुळीच नाही. कबूल?"

"कबूल. तुम्ही जा, तुमची माणसं यायची असतील."

परीक्षक बाई वेळेवर आल्या. चांगल्या होत्या, हसतमुख होत्या, प्रत्येक मावशीला त्यांनी नाव विचारलं आणि एकही लक्षात ठेवलं नाही. मौनकक्षातल्या बुटक्या आसनावर त्या हौसेने बसल्या. "इथून उठावंसंच वाटत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि मग अधीक्षकांनी एक हात व वास्तुशिल्प्याने दुसरा धरून त्यांना उठवलं.

सिस्टरांच्या टेबलापाशी वास्तुशिल्प्याने हुकमाचं पान काढलं. टेबलावर कोणत्या खोलीची बेल किती वेळा वाजली, याची नोंद आपोआप होत असे.

"समाधान मोजता येत नाही म्हणतात. आम्ही मोजलंय. माणूस समाधानी असला की बेलकडे हातच जात नाही. आता ही खोली बघा, नऊ नंबर. अकरा दिवस, बेल शून्य."

"शून्य?" बाई थक्क झाल्या. "मला त्यांनाच भेटायचंय."

सिस्टरांनी मान वर केली. तीन अर्जांनी झालं नव्हतं ते आता दोन मिनिटांत होणार होतं. त्या सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या.

काका उताणे पडले होते, जसे ठेवले होते तसेच. पांघरूण छातीपर्यंत ओढलेलं. खोलीत दर दहा मिनिटांनी फवारा उडत होता, फुलांच्या वासाचा.

"रुग्णालयाचा वासच नाही इथे," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "बाबा, काही त्रास होतो का इथे?"

"छे, त्रास कसला? राजेशाही थाट आहे."

"काही लागलं तर?"

"काही लागत नाही मला."

"काका," सिस्टर म्हणाल्या, "दोनदा पडलात ते सांगा बाईंना."

काकांनी ओशाळून अधीक्षकांकडे पाहिलं. "ती माझीच चूक. उठू नका म्हणून सांगितलं होतं मला. इथली माणसं फार चांगली आहेत हो, उगाच त्यांना बोल नको."

बाईंनी लिहून घेतलं. वास्तुशिल्प्याने छताकडे बघितलं. तिथे ढग रंगवलेले होते. काका मघापासून बाईंच्या खांद्याकडे पाहत होते.

"एक बोलू का?"

सिस्टर एक पाऊल पुढे आल्या.

"तुमच्या कोटाची डावी बाही ओढतेय जरा. खांद्यात नीट बसवली नाही. उसवून घ्या."

त्या दिवसभरात त्यांनी केलेली ही एकमेव तक्रार. बाई खूप हसल्या, वास्तुशिल्पी हसला, अधीक्षक तर नको तितके हसले.

बाईंना लिफ्टपर्यंत पोचवून अधीक्षक परत आले ते वेगळ्याच चालीने.

"सर, सही," सिस्टर म्हणाल्या.

"कशावर? रुग्ण स्वतः सांगतोय, साक्षीदारांसमक्ष, की त्रास नाही. बाईंना नऊच्या खोलीचा फोटो हवाय अहवालात, रुग्णासकट. आता काकांना हलवलं तर कसं दिसेल?" मग तो मऊ आवाज आला. "तिन्ही अर्ज निकालात काढतो. तुमच्याही डोक्याचा ताप गेला."

 नऊच्या दिशेने सरकतं का बघायला सिस्टरांनी आपल्या लाटेच्या आकाराच्या लाकडी टेबलाला एक धक्का देऊन पाहिला. ते जमिनीत पक्कं रोवलेलं होतं. मग त्या नऊ नंबरला गेल्या.

"काका, असं का सांगितलंत?"

"बाई एवढ्या लांबून आल्या होत्या. त्यांना काय आपलं रडगाणं ऐकवायचं?"

"बरं. कूस बदलू या. पांघरूण काढा."

काकांनी पांघरूण सोडलं नाही.

"राहू दे. तुम्ही दमला असाल."

सिस्टरांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. नुसती हाडं होती, पण पकड शिंप्याची होती.

"केव्हा?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला सोडून गेलात ना, त्यानंतर थोड्या वेळाने." काका ढगांकडे बघत म्हणाले. "उठायचं नाही असं कबूल केलं होतं."

चादर ओली होती. खालची गादीही.