घरचं वजन

“मी तीन म्हटलं की उठवायचं. अडीचला नाही,” काकूंनी बजावलं.

“अगं, अडीचला कधी उठवलंय मी?”

“काल. आणि परवासुद्धा. तुम्हाला घाई नडते.”

काटेवाल्यांनी पाय फाकवले, गुडघे वाकवले, काकूंच्या कमरेचा रुंद पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि तीनला त्यांना पलंगावरून उठवून अर्ध्या गिरकीत चाकाच्या खुर्चीत बसवलं. मग ते भिंतीला टेकून धापा टाकत राहिले.

“मला उचलताना तुम्ही स्वतःचं पोटही उचलता,” काकू म्हणाल्या. “दोन माणसांचं काम झालं हे.”

आजारपणाने काकूंचे पाय नेले होते, जीभ मात्र शाबूत ठेवली होती, आणि काटेवाल्यांना त्याचं मनापासून बरं वाटे. दुकानांतले, गोदामांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. म्हणून सगळं जग त्यांना काटेवाले म्हणे. काकूही चिडल्या की तेच म्हणत.

डॉक्टरांनी मात्र थट्टा केली नव्हती. “वजन उतरवा. पाठ आणि गुडघे असेच वापरलेत तर उद्या तुम्हालाच उचलायला माणूस लागेल.” हे ऐकून परगावची मुलगी हळूच म्हणाली होती, “बाबा, तुमच्याच्याने होत नसेल तर आईला शुश्रूषा केंद्रात ठेवू. तिथे माणसं असतात, सोयी असतात.” ती काही वाईट बोलत नव्हती. काकूंनी फक्त एवढंच विचारलं होतं, “तिथे मी भांडू कुणाशी?”

तर काटेवाले उतारवयात व्यायामशाळेत जायला लागले. तिथली कोच रुंद खांद्यांची, मोजकं बोलणारी बाई. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, “नुसतं उपाशी राहिलात तर चरबीबरोबर स्नायूही झडतील. वजनं उचलायची आणि प्रथिनं खायची. हळूहळू.”

‘हळूहळू’ हा शब्द काटेवाल्यांच्या कानात शिरलाच नाही. ते थेट दुकानात गेले आणि अमिनो आम्लांच्या पावडरचा भला मोठा डबा घेऊन आले. स्नायू याच आम्लांचे बनतात, असं दुकानदाराने समजावलं होतं. हुशार माणूस फसतो तो इथेच. भिंत विटांचीच असेल तर सरळ विटाच गिळाव्यात, मधे जेवणाची भानगड कशाला, असा हिशेब काटेवाल्यांनी केला. रात्रीचं जेवण बंद झालं, मग सकाळचंही निम्म्यावर आलं. त्याऐवजी पेलाभर गुलाबी पाणी. चव अशी, की खोकल्याच्या औषधात कलिंगड पडलंय.

वजन भराभर उतरलं. विजारी ढगळ झाल्या, शेजारच्या सुताराने तोंडभर कौतुक केलं. आणि एका दुपारी काकूंनी तीन म्हटल्यावर काटेवाल्यांचे गुडघे पाण्यासारखे झाले. त्यांनी पट्टा सोडला नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं. दोघंही सावकाश खाली आली आणि पलंगाला पाठ लावून जमिनीवर बसली.

“लागलं का कुठे?” काटेवाल्यांनी विचारलं.

“नाही. तुम्हाला?”

“नाही.”

“आज काय काय खाल्लंत?”

“पावडर.”

“आणि?”

“पाणी.”

काकू आधी रागावल्या, मग हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “किती वर्षांनी असे खाली बसलोय आपण,” त्या म्हणाल्या. काटेवाल्यांना मात्र हसू येईना. मुलीला कळलं तर काय होईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी शेजारच्या सुताराला हाका मारून मदतीला बोलावलं.

कोचने सगळं ऐकून घेतलं. “हा डबा घ्यायला मी सांगितलं होतं?”

“नाही.”

“घ्यायचीच असेल तर पावडर जेवणाबरोबर, जेवणाऐवजी नाही. अंडी, दही, मासे, कडधान्यं पोटभर खाल्लीत तर हे सगळं त्यातूनच मिळतं. मग डबा नसला तरी चालतं.”

त्या दिवसापासून ताटाचा कारभार काकूंनी हाती घेतला. खुर्चीत बसून त्या वाढत, आणि काटेवाले खाली मान घालून मुकाट्याने खात. डबा कपाटावर धूळ खात पडला. व्यायामशाळेत लोखंडी दांड्याला एकेक चकती वाढत गेली. घरी तर कमालच झाली. काकू आठवड्यागणिक उचलायला सोप्या जाऊ लागल्या. धाप नाही, कळ नाही. काटेवाले शीळ घालत गिरकी घेऊ लागले आणि मनोमन कोचला दुवा देऊ लागले.

घरी कसं जमतंय ते बघायला मुलगी केंद्रातल्या सिस्टरला घेऊन आली तेव्हा ते अगदी तयारीत होते. काकूंनी आकडे म्हटले, काटेवाल्यांनी त्यांना उठवलं, वळवलं, बसवलं.

“फारच छान,” सिस्टर म्हणाली. “आमच्याकडच्या नव्या माणसांना शिकवायला या. आता फक्त यांचं वजन बघू.”

वजन म्हटल्यावर काटेवाल्यांच्या अंगात वारं शिरलं. नुकताच दुरुस्त केलेला मोठा काटा पुढच्याच खोलीत होता. आधी रिकामी खुर्ची, मग काकूंसकट. सिस्टरने वजाबाकी केली आणि काकूंच्या जुन्या तपासणीच्या कागदाशी ताडून पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

“काटा बिघडलाय,” काटेवाले म्हणाले.

त्यांनी आपली पितळी प्रमाण वजनं आणली आणि एकेक करून काट्यावर ठेवली. काटा तंतोतंत खरा होता.

प्रमाण वजन कधी बदलत नाही. आकडा चुकला तर दोष काट्याचा. जन्मभर ते याच रीतीने काम करत आले होते. घरी त्यांनी काकूंना प्रमाण वजन धरलं होतं आणि स्वतःला काटा. ओझं हलकं लागलं तेव्हा त्यांना वाटलं, काटा सुधारला. वजनच झिजत असेल, ही शंका त्यांना एकदाही आली नाही.

“असं वजन उतरणं बरं नाही,” सिस्टर म्हणाली. “तपासण्या करून घेऊ. काकू, जेवण जातं ना नीट?”

काकूंनी मान खिडकीकडे वळवली.

“आई?” मुलीने विचारलं.

“यांना उचलायचं असतं,” काकू म्हणाल्या. “यांच्या ताटात दोन घास जास्त गेले तर बिघडलं कुठे? आणि मी हलकी राहिले तर इथेच राहीन, एवढाच विचार.”

मुलगी आईच्या खुर्चीशी जाऊन बसली. केंद्राचा विषय तिने काढला नाही. पण पुढच्या खेपेला वजन वाढलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर वेगळा विचार करावा लागेल, असं सिस्टरने स्पष्ट सांगितलं.

रात्री काटेवाल्यांनी दोन ताटं वाढली आणि काकूंच्या समोर बसले. त्यांना स्वतःचा राग आला होता, लाजही वाटत होती. पण सगळ्यात जास्त दाटून आलं होतं ते वेगळंच. या बाईने आपल्याजवळ राहण्यासाठी पोटाला चिमटा घेतला. एवढं आपलं काय पुण्य, असं त्यांना वाटत होतं. आभार मानायची सवय या घरात कुणालाच नव्हती.

“हलकी होऊन माझी सोय बघू नकोस,” ते शेवटी म्हणाले. “जड हो. मी आहे ना.”

“कंबर गेली तर?”

“खा आधी.”

काकूंनी घास घेतला. ताट संपेपर्यंत काटेवाले समोरून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेत त्यांनी कोचला चकत्या वाढवायला सांगितल्या.

“किती?”

काकू पाय जाण्याआधी किती वजनाच्या होत्या, तो आकडा काटेवाल्यांनी सांगितला.

कोचने त्यांच्याकडे नीट पाहिलं, का ते विचारलं नाही. “आज नाही जमणार एवढं,” ती म्हणाली. “हळूहळू.”

“हळूहळूच,” काटेवाले म्हणाले.

पुढे कित्येक आठवड्यांनी एका सकाळी कोचने शेवटची चकती चढवली आणि ती बाजूला झाली. काटेवाल्यांनी गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली आणि दांडा जमिनीवरून उचलला. हातांना ते ओझं ओळखीचं वाटलं. कोच ‘ठेवा आता’ म्हणाली, तरी ते आणखी थोडा वेळ तसेच धरून उभे राहिले.