बाह्यांची परीक्षा

शर्टांच्या कारखान्यात कारागीर हवेत म्हणून टेलरमास्तर तिसऱ्यांदा परीक्षेला बसले होते. जुना कारखाना बंद पडल्यापासून त्यांनी इतके उंबरे झिजवले होते, की उंबऱ्यांनाच आता त्यांची कीव यावी. इथे पहिल्या खेपेला ढीगभर कॉलर शिवून घेतल्या आणि "कळवतो" म्हणाले. दुसऱ्या खेपेला खिसे. पुन्हा "कळवतो". कळवलं कोणीच नाही, मास्तरच आपले निर्लज्जासारखे परत आले. कारण बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं, "या आठवड्यात काही जमलं नाही, तर सोमवारपासून माझ्या भावाच्या दुकानात जायचं." मेव्हण्याकडे झाडू मारत दिवसभर त्याचे टोमणे ऐकायचे, त्यापेक्षा परीक्षा परवडली.

आज बाह्या जोडायच्या होत्या. मास्तरांनी पहिला शर्ट मशीनखाली घेतला आणि ते थांबले. कॉलरच्या टोकाला दोन उलटे टाके होते. ही खोड त्यांचीच. उस्तादाच्या शिव्या खाऊनही सुटली नव्हती. दुसरा शर्ट पाहिला, तिसरा पाहिला, सगळीकडे तेच टाके. खिसा मात्र भलत्याच कुणाचा, किंचित तिरका. म्हणजे परीक्षेला आलेल्यांकडून अख्खी ऑर्डर फुकटात शिवून घेणं चाललं होतं. मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली.

"साहेब, जागा किती आहेत हो?" त्यांनी सुपरवायझरला विचारलं.

"काम कसं करता त्यावर आहे."

"काम तर तुम्ही पॅक करून विकताय."

सुपरवायझर जराही ओशाळला नाही. "तुम्हाला कुणी बांधून ठेवलंय का? बाहेर बाकावर किती बसलेत बघा."

मास्तर ताडकन उठून बाहेर आले. "उठा सगळे, घरी जा. इथे नोकरीबिकरी काही नाही. फुकट राबवून घेतात लेकाचे."

कुणी हललं नाही. सगळ्यात पुढची बाई शांतपणे म्हणाली, "माहीत आहे, दादा. माझी पाचवी खेप."

"मग कशाला येता?"

"आणि एखाद दिवशी खरंच कुणाला घेतलं, नि नेमकी मीच नसले तर?" पिशवी काखेत मारून ती उठली. "तुमची मशीन रिकामी झाली ना?"

ती आत गेली. मास्तरांना तिचा, सुपरवायझरचा, मेव्हण्याचा, सगळ्या जगाचा संताप आला. तरातरा चालत ते फाटकापर्यंत गेले, घुटमळले, परत आले. बाकाच्या शेवटी एक म्हातारा बसला होता.

"सरका हो काका जरा," मास्तर करवादले.