उजवीकडचे फेरे

मी एक जुना जॅक आहे. लोखंडी, जाड आट्यांचा. मित्रांनो, माझी गोष्ट मी सावकाश सांगणार होतो, पण आता तेवढा वेळ नाही.

माझा जन्म ओतशाळेत झाला. तरुणपणी मी रेल्वेचे डबे उचलले. लोक म्हणत, काय ताकद आहे! मग मी मिसिसिपीच्या काठी, ओव्हिलच्या

थांबा. त्याची बायको अझेली आली. दांडा घातला.

एक फेरा. उजवीकडे.

ओव्हिलच्या शेडमध्ये आलो. तो तंबाखूच्या पानांच्या जुड्या लाकडी पिंपात रचायचा. वर झाकण, झाकणावर मी, माझ्या डोक्यावर तुळई. उजवीकडे फिरवले की मी दाबतो. पाने स्वतःच्याच रसात मुरतात, काळी होतात, त्यांना आलुबुखाराचा वास येतो. पण वर्षातून तीनदा मला डावीकडे फिरवून सैल करावे लागते. पानांना हवा द्यावी लागते. नुसते दाबले तर कुजते.

हे फक्त ओव्हिलला ठाऊक होते. मार्चमध्ये त्याला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्याने लावलेले शेवटचे पीक या पिंपात आहे.

एक फेरा. उजवीकडे. माझे आटे करकरले.

"आवळ वहिनी, आवळ!" त्याचा भाऊ क्लेओफास दारातून म्हणाला. "पिंप आहे ते, नवरा नाही. तक्रार करणार नाही."

"तुझ्या भावानेच सांगितलंय," अझेली म्हणाली. "पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून रोज विचारते, पिंपाचं काय करू? तो बोट असं उजवीकडे फिरवतो. आणि मी परत आले की रडतो."

अगं, तू समोर उभी असतेस! समोरून डावे उजवे दिसते! मी ओरडलो. लोखंडाचे ओरडणे म्हणजे करकर. तिला वाटले, छान आवळतोय.

एक फेरा.

एक

आज ती धावत आली. हाताला भाताची शिते तशीच.

"क्लेओफास! भरवायला त्याच्या शेजारी बसले, तेव्हा दिसलं. डावीकडे! महिनाभर डावीकडे म्हणत होता बिचारा!"

दोघे दांड्याला लटकले. मी हललो नाही. वर्षानुवर्षे कोणी तेल दिले नव्हते. गंज आणि ताण, दोन्ही मला धरून बसले होते. तिने डुकराची चरबी ओतली. हातोडा मारला.

"सोड रे मेल्या!"

मित्रांनो, मला सुटता येत नव्हते. तुटता येत होते.

काड्.

आटे गेले. झाकण उसळले, काळा रस वर आला. अझेलीने कोपरापर्यंत हात घातला, एक जुडी काढली, हुंगली. बराच वेळ हुंगली.

"आंबट आहे. कुजलेलं नाही."

ती जुडी घेऊन त्याच्याकडे पळाली.

मी जमिनीवर पडलो आहे. यापुढे माझ्याने काही दाबले जाणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला वेळेवर तेल द्या. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्या समोर उभे राहू नका. शेजारी बसा.