खाचेतली पायरी

मित्रांनो, मी एक जुना पितळी जोड आहे. लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेला असतो. तुम्ही मला ओळखत नसाल, पण माझ्या जातभाईंना तुम्ही पाहिलेलं आहे. बागेला पाणी घालायची नळी तोटीला टक् करून बसते आणि बाहेरचं कडं मागं ओढलं की सुटते, तसाच मी. माझे दोन भाग आहेत. एकाला तोंड आहे आणि दुसऱ्याला दांडी. दांडी तोंडात शिरली की आतले बारीक छर्रे तिला घट्ट धरतात. कडं त्या छर्ऱ्यांना जागचं हलू देत नाही. ते मागं सरकलं तरच छर्रे सैल पडतात आणि दांडी बाहेर येते. पाना लागत नाही, जोर लागत नाही. म्हणून आम्हाला जलद-जोड म्हणतात.

माझा जन्म मात्र एका दुखापतीतून झाला.

मला घडवणारी ताई लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करायची. तिचा धाकटा भाऊ एका मोठ्या धुलाईघरात नळजोडणीचा मिस्त्री होता. पस्तिशी उलटली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. तिथे साबणाचं कढत पाणी जाड नळ्यांतून मोठ्या दाबानं धावायचं. एके दिवशी नळी बदलताना त्यानं जोडाचं कडं ओढलं. आत दाब शिल्लक आहे हे त्याला कळलंच नाही. जोड झटकन सुटला, नळी सापासारखी उसळली आणि त्याच्या उजव्या हातावर बसली. हात बरा झाला, पण दोन बोटं काही वाकेनात.

"ताई, ही दोघं आता साहेब झालीत," तो बोटं दाखवून म्हणायचा. "कुणापुढे वाकत नाहीत."

ताई हसायची नाही. रजा संपली की धाकटा पुन्हा त्याच नळ्यांवर, त्याच जोडांवर हात ठेवणार होता. म्हणून तिनं स्वतःच नवा जोड घडवायला घेतला.

माझ्याआधी तिनं चार जोड केले आणि चारही भंगारात टाकले. मी पाचवा. माझ्या कड्यावर एक खाच आहे आणि तिच्यातून एक खिळा सरकतो. ती खाच आधी सरळ होती. मग ताईनं बारीक कानस घेतली आणि तीन दिवस खपून खाचेच्या मधोमध एक पायरी काढली, तांदळाच्या दाण्याएवढी. कडं ओढलं की खिळा त्या पायरीवर अडतो. तेवढ्यात माझ्या कुशीतलं एक सूक्ष्म भोक उघडतं आणि आतला दाब फुस्स करून निघून जातो. त्यानंतर कडं जरा उजवीकडे फिरवायचं, पुन्हा ओढायचं, आणि मग मी सुटतो. पायरी हातानं काढलेली, त्यामुळे किंचित तिरकी आहे. तिरकी असली तरी काम चोख करते.

धाकट्यानं मला ताईच्या कार्यशाळेतल्या पंपावर लावलं, डोळे मिटले आणि त्या साहेब बोटांनीच कडं ओढलं. फुस्स! पाच आकडे मोजून त्यानं मला सोडवलं. त्याच्या बाहीवर पाण्याचा थेंबसुद्धा उडाला नाही. ताईनं देवाचं नाव घेतलं आणि मला डोळ्यांना लावलं. त्या दिवसापासून रोज सकाळी लेथ सुरू करण्याआधी ती माझं तोंड आणि दांडी फडक्यानं पुसायची. तापानं फणफणली तरी तिनं तो नेम कधी चुकवला नाही.

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यानं मला पाहायची तयारी दाखवली. मालक म्हणाले, "आधी पेटंट घ्या. कागद हातात आला की असे हजारो जोड बनवू. कागद नाही, तर आम्ही नाही." म्हणजे कागद मिळाला नाही, तर माझ्यासारखा दुसरा जोड जन्माला येणार नव्हता आणि धाकट्याच्या हाताखाली जुनेच जोड राहणार होते. मित्रांनो, एवढ्याशा पितळेला एवढी मोठी धास्ती! तेव्हापासून माझ्या आतली स्प्रिंग कधी सैल पडली नाही.

पेटंटचं काम पाहणारे वकीलसाहेब घाईचे होते, पण प्रामाणिक. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "अर्ज दाखल होईपर्यंत हा कुणाला दाखवायचा नाही. उघड्यावर आला तर नवेपण गेलंच म्हणून समजा." म्हणून ताईनं मला चहाच्या रिकाम्या डब्यात लपवलं. दारावर कुणी टकटक केली की ती डबा फळीवर मागं सारायची. आत मी श्वास रोखून पडून असायचो.

माझी चित्रं काढली सरळरेघकाकांनी. ते नकाशे काढण्याच्या कामातून निवृत्त झालेले, हात अजून दगडासारखा स्थिर. वाकडी रेघ दिसली की त्यांच्या पोटात दुखायचं, म्हणून हे टोपणनाव. त्यांनी भिंगातून मला निरखलं आणि खाचेपाशी येऊन थबकले. "अरेरे," ते स्वतःशीच पुटपुटले, "पोरीची कानस घसरलेली दिसते."

माणूस फार भला. ताईची चूक सरकारी कागदावर दिसू नये, चारचौघांत तिचं नाव खाली जाऊ नये, म्हणून त्यांनी ती खाच मायेनं सरळ काढून टाकली. मी समोर पडून होतो. 'काका, ती चूक नाही, तोच तर माझा जीव आहे,' असं सांगायला मला वाचा कुठली? ताईनं चित्रं पाहिली तेव्हा त्या सुबक रेघांनी तिचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांना पायरी गेल्याचं दिसलं नाही. जोडात नवं काय आहे त्याचे दावे वकीलसाहेबांनी घाईघाईनं त्या चित्रांवरूनच लिहिले आणि तिनं सही केली.

अर्जाच्या शेवटी 'वापरायची रीत' असं एक पान होतं. धाकटा बोलत गेला आणि ताईनं त्याच्या शब्दांत ते लिहिलं.

वकीलसाहेब म्हणाले, "हे काढू या. पाककृती वाचल्यासारखं वाटतंय."

"राहू द्या साहेब," धाकटा म्हणाला. "रीत ठाऊक नव्हती म्हणून माझी बोटं गेली. बाकी काय हवं ते काढा."

"बरं बाबा, राहू दे. नाहीतरी शेवटचं पान कोण वाचतंय!"

दीड वर्षानं पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला. ताईनं पाकीट उघडलं नाही, आधी हात धुऊन आली. अहवालात लिहिलं होतं की अर्जदारानं मांडलेल्या बावीस दाव्यांपैकी एकही नवा नाही. सोबत चाळीस वर्षांपूर्वीच्या एका जोडाचं चित्र होतं. तेच छर्रे, तेच कडं, तीच सरळ खाच. जणू माझाच आजोबा.

"पण आपली खाच सरळ कुठे आहे?" ताई म्हणाली. तिनं आपलं चित्र फायलीतून बाहेर घेतलं आणि मला त्याच्याशेजारी ठेवलं. चित्रातली खाच सरळ होती. तिनं काकांना निरोप धाडला.

सरळरेघकाका धावत आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "मला वाटलं चुकून झालंय गं. मी झाकायला गेलो."

"काका, तुम्ही वाईट नाही केलं," ताई हळू आवाजात म्हणाली. "मीच सांगायला हवं होतं. मला वाटलं, डोळ्यांना दिसतंय ते काय सांगायचं!"

काकांना लगेच नवं चित्र काढून द्यायचं होतं. वकीलसाहेबांनी मान हलवली. "उपयोग नाही. अर्जाच्या दिवशी जे कागदावर नव्हतं, ते मागाहून आत घेता येत नाही. नाहीतर कुणीही उद्या सुचलेलं काल सुचलं म्हणून सांगेल. सुनावणी मागतो. पण आशा धरू नका."

सुनावणीच्या दिवशी ताईनं मला दोनदा पुसलं. पेटंट कार्यालयातली ती खोली लहान होती. एक लांब टेबल, भिंतीला फायलींचे गठ्ठे, आणि एक घड्याळ, ज्याचा टकटक आवाज मला माझ्या छर्ऱ्यांपर्यंत जाणवत होता. परीक्षकबाई बारीक चणीच्या, चष्मा दोरीला लावलेला. त्यांनी माझ्या आजोबांचा कागद समोर ठेवला आणि मला उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"हात चांगला आहे तुमचा," त्या ताईला म्हणाल्या. मी आनंदानं चमकणार तोच त्यांनी मला खाली ठेवलं. "पण इथे प्रश्न मी कागदाला विचारते. वस्तूची साक्ष चालत नाही."

मित्रांनो, माझ्याबद्दलच चाललेल्या बोलण्यात माझीच साक्ष चालेना! पायरी माझ्या अंगावर होती, टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि तरीही ती नव्हतीच.

वकीलसाहेब बरंच बोलले. परीक्षकबाई शांतपणे ऐकत होत्या आणि प्रत्येक मुद्द्यावर आजोबांच्या कागदावर बोट ठेवत होत्या. "हेही इथे आहे. हेही आहे." शेवटी वकीलसाहेबांचे मुद्दे संपले. ताईचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते.

फाईल मिटता मिटता बाईंनी सहज विचारलं, "हा सोडवता तरी कसा?"

धाकट्यानं मला उचललं. खोलीत ना पाणी, ना दाब. म्हणून त्यानं तोंडानंच सांगायला सुरुवात केली, पाठ म्हटल्यासारखं. "कडं मागं ओढा. खाचेतल्या पायरीवर ते अडेल. तिथे पाच आकडे मोजा. भोकातून फुस्स आवाज येऊन दाब उतरेल. आवाज थांबला की..."

"थांब!" ताई उठून उभी राहिली. "मॅडम, हे वाक्य कागदावर आहे. हा बोलत होता आणि मी लिहिलं होतं. शेवटचं पान."

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, ते पान! मी तर ते..."

"तुम्ही काढणार होतात," धाकटा म्हणाला. "मी काढू दिलं नव्हतं."

परीक्षकबाई पानं उलटू लागल्या. चौदा. पंधरा. सोळा. कागदाची ती सळसळ मला अजून आठवते. सतराव्या पानावर त्यांनी चष्मा चढवला आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. पायरी होती, भोक होतं, उजवीकडे फिरवणंही होतं. अर्जाच्या दिवशीचा शिक्का होता.

"मजकुरात आहे, चित्रात नाही," त्या म्हणाल्या. "चित्र मजकुराप्रमाणे सुधारता येईल." आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "पण एवढीशी पायरी घालण्यात विशेष ते काय? कुठल्याही कारागिराला सुचेल."

वकीलसाहेब तोंड उघडणार होते. ताईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"मॅडम, चाळीस वर्षांत कुणाला सुचली नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना जोड झटकन सुटायला हवा होता. त्यासाठीच तर तो बनवतात. माझ्या भावाची बोटं त्या झटकन सुटण्यानं गेली. म्हणून मी आधी तो अडावा, यासाठी खपले."

धाकट्यानं हात टेबलाखाली घेतला होता. परीक्षकबाईंनी तो पाहिला होता की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी एवढंच लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "निर्णय लेखी कळवू."

मग सुरू झालं वाट पाहणं. बावीस दावे खोडून त्यांच्या जागी एकच लिहिला होता, पायरीचा. काकांनी नवं चित्र काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम तिरकी रेघ मारली, आणि ती सात वेळा खोडून पुन्हा मारली. रोज दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की लेथ बंद व्हायचं. ताई उंबऱ्यापर्यंत जायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. धाकटा रोज धुलाईघरात जुन्याच जोडांवर काम करून घरी यायचा. आल्या आल्या ती आधी त्याचे हात पाहायची.

अकराव्या आठवड्यात पत्र आलं. पेटंट मंजूर झालं होतं.

"ताई, बावीसच्या जागी एकच!" धाकटा चिडवत म्हणाला. "नापासच की गं तू."

त्या दिवशी मात्र ताई हसली. हसता हसता पदरानं डोळे पुसू लागली. आणि मलाही कळलं, की माझे छर्रे, माझं कडं, माझी स्प्रिंग सगळं आधीच्यांचं देणं आहे. माझं स्वतःचं म्हणावं असं तांदळाच्या दाण्याएवढंच.

आता माझी हजारो भावंडं आहेत. धुलाईघरातले सगळे जोड बदलले. मी थकलो, माझी पाणी अडवणारी रबरी कडी वाळून तडकली, म्हणून या खणात विश्रांती घेतो. ताईचे केस पांढरे झाले, तरी सकाळी खण उघडतो आणि फडकं फिरतं.

पण मित्रांनो, माझी काळजी सरलेली नाही. परवा धाकटा एक जोड घेऊन आला. कुणीतरी त्याच्या पायरीत तारेचा तुकडा ठोकून ती बुजवली होती. कशासाठी? पाच आकडे मोजण्याचा वेळ वाचावा म्हणून! ताई बराच वेळ ती तार नखानं उकरत बसली होती.

म्हणून हात जोडून सांगतो. आम्हाला नळीला धरून ओढू नका, धुळीत टाकू नका, तोंडावर झाकण ठेवा, अधूनमधून पुसत जा. एवढं जमलं नाही तरी चालेल. पण आम्ही मध्येच अडलो तर रागावू नका, बिघडला म्हणून झटका देऊ नका. तेवढा वेळ आम्ही तुमचा हात धरून थांबलेले असतो.

एक, दोन, तीन, चार, पाच.

आता सोडवा.