वायरमनच्या दारावरची बेल

मित्रांनो, कल्पना करा. तुमचा आवाज खणखणीत आहे, आणि ज्याने तुम्हाला कौतुकाने घरी आणले, त्यानेच एके दिवशी तुमचे तोंड बंद केले. राग येईल ना? मलाही आला. मी एक जुनी बेल आहे, वायरमनच्या दारावरची.

त्याने मला स्वतःच्या हाताने भिंतीवर बसवले, पोटात सेल घातले आणि लेकीला कडेवर घेऊन बाहेरचे बटण दाबायला लावले. लेकीला सगळे ठमी म्हणत. ती इतक्या वेळा बटण दाबी, की शेजारच्या काकू म्हणत, "अगं, बेल आहे की कोकीळ?"

पुढे वायरमनने कर्ज काढून दुकान टाकले. ते चालले नाही. हप्ते थकले आणि वसुलीवाला येऊ लागला. मी वाजले, की घरातले श्वास रोखून बसत. शेवटी वायरमनने माझे सेल काढून टॉर्चमध्ये घातले. हप्ते काही मी थकवले नव्हते. तरी शिक्षा मलाच!

वसुलीवाल्याचे काय अडले? तो मुठीने दार बडवू लागला. त्या दिवशी ठमीची आई इस्त्रीच्या दुकानातल्या कामावरून नुकतीच आली होती. वायरमनने तोंडावर बोट ठेवले. तिने तिकडे पाहिलेही नाही. सरळ जाऊन दार सताड उघडले.

"आहात होय घरात?" वसुलीवाला म्हणाला. "मला वाटलं, पळालात."

"पळायला पाय आहेत, पण पळणार नाही. बसा. झेपेल एवढा हप्ता बांधून द्या. पगाराच्या दिवशी मी स्वतः येऊन भरीन. पावती हवी, आणि दारावर मूठ नको."

"आणि नाही भरलात तर?"

"तर या की. दार मीच उघडीन."

त्याने साहेबांना विचारून हप्ता कमी करून आणला. पगार तेवढाच होता. पण आधी हप्ता, मग बाकी सगळे, असा आईने नियम केला. वायरमनचे बूट पुन्हा पुन्हा शिवले गेले. ठमीच्या दप्तराचेही तेच. मित्रांनो, पत म्हणजे 'हा माणूस घेतलेले परत करील' असा लोकांचा भरवसा. तो एका दिवसात जातो, परत यायला मात्र वर्षे लागतात. लागू द्यात. येतो, हे मी पाहिले आहे.

कर्ज फिटले. वायरमनने ड्रिल मशीनसाठी बँकेकडे छोटे कर्ज मागितले. "आमचा माणूस घरी येईल. दार बंद दिसलं तर अर्ज परत," असे बँकेतल्या साहेबांनी सांगितले.

त्या दिवशी वायरमन इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसला. आईने चहाचे आधण ठेवले. माणूस आला. भला होता बिचारा, त्याने दार बडवले नाही. त्याने बटण दाबले. पुन्हा दाबले. मी कशी वाजणार? माझे सेल अजून टॉर्चमध्येच होते! पावले जिना उतरू लागली, आणि मला ओरडताही येईना.

ठमी खिडकीत उभी होती. तिला खाली फाईल घेऊन चाललेला माणूस दिसला. ती अनवाणीच धावली.

"काका, थांबा. आम्ही घरात आहोत."

"बेल वाजली नाही, बाळ."

"बेल बंद आहे. आम्ही नाही."

तो वर आला. माझ्याकडे पाहून हसला. "वायरमनच्या घरची बेल बंद?"

वायरमनने मान खाली घातली. "पूर्वी दार उघडायची लाज वाटायची, साहेब."

"आता नाही वाटत," चहाचा कप पुढे करीत आई म्हणाली. "लिहा तसं."

तो लिहीत असतानाच ठमीने टॉर्चमधले सेल काढले. स्टुलावर चढून ते माझ्या पोटात बसवले. मग ती दाराबाहेर गेली आणि बटणावर बोट दाबून धरले. शेजारची सगळी दारे उघडली, तरी तिने ते उचलले नाही.